पिशवीची कुळकथा

आमचे नंदुरबार मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. उन्हात पसरलेल्या मिरचीच्या लाल पथाऱ्या पाहून परगावचा पाहुणा थक्क होतो. मला मात्र त्या पाहिल्या म्हणजे आईची पिशवी आठवते. वडिलांच्या जुन्या विजारीच्या कापडाची ती जाड पिशवी केवळ मिरचीसाठी राखलेली असे. धान्याची निराळी, भाजीची निराळी. पिशवी विकत आणावयाची असते, ही कल्पनाच आमच्या घरास नव्हती.

आपल्या भाषेकडेच पाहा. पानसुपारीस चंची, पैशास कसा, प्रवासास खांद्यावर दोहों बाजूंस लोंबणारी पडशी, न्हाव्यास धोकटी, भिक्षेकऱ्यास झोळी! जितकी कामे तितकी नावे. त्यांतील पुष्कळशी जुन्या कापडातून हातशिलाईने जन्मास येत. 1846 साली अमेरिकेत इलायस हॉव याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे ते यंत्र आपल्याकडील शिंप्याच्या दुकानी व घरोघरीही आले. शिवण्याची रीत बदलली. परंतु जुन्याचे नवे करण्याची वृत्ती बदलली नाही.

ती बदलली प्लास्टिकने. स्वीडनमधील स्टेन थुलीन याने योजलेल्या पिशवीस 1965 साली अमेरिकेत पेटंट मिळाले. ही फुकटची पिशवी आपल्याकडे पोहोचली आणि लोक रिकाम्या हाताने बाजारास जाऊ लागले. त्याचे मोल पुढे चुकवावे लागले. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तुंबलेल्या गटारांतील पिशव्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. अखेर मार्च 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली.

मग कापडी पिशवी परत आली का? दारामागच्या खुंटीवर आज डझनभर पिशव्या लोंबतात. त्यांतील कित्येक दिसावयास कापडी, पण वस्तुतः पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. एक धागा काडीने पेटवून पाहावा. सुती असेल तर राख होते, प्लास्टिक असेल तर वितळून गोळी होते. नवी सुती पिशवीही निर्दोष नव्हे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या 2011 च्या अहवालानुसार, तापमानवाढीच्या हिशेबात साध्या प्लास्टिकच्या पिशवीहून सरस ठरण्यासाठी सुती पिशवी किमान 131 वेळा वापरावी लागते. कपाशीच्या शेतीस पाणी, खत आणि श्रम किती लागतात, हे आम्हां खानदेशकरांस सांगावयास नको.

म्हणून आईची रीतच शहाणपणाची होती, असे मी मानतो. जुने जाड कापड मधोमध दुमडावे, म्हणजे तळाशी शिवण येत नाही आणि ओझ्याने तळ उसवत नाही. दोन्ही बाजूंस दुहेरी टीप घालावी, तोंड दुमडून शिवावे. बंद केवळ काठास न टाचता चार बोटे खाली घेऊन चौकोनी टीप मारावी व चौकोनात फुली काढावी. सारा भार तेथेच असतो.

आईची ती पिशवी कालांतराने विरली आणि तिचे पोतेरे झाले. तिच्यामागे कचरा म्हणून काही उरले नाही. श्रोतेहो, आपल्या खुंटीवरील किती पिशव्यांविषयी असे म्हणता येईल?