हेट-अ‍ॅशबरी : फुकटच्या संगीताचा जमाखर्च

सॅन फ्रान्सिस्कोमधील हेट आणि अ‍ॅशबरी या दोन रस्त्यांच्या चौकाभोवतीची वस्ती १९६५ ते १९६७ या काळात हिप्पी चळवळीचे मुख्य ठाणे बनली. त्याचे पहिले कारण तत्त्वज्ञान नव्हे, घरभाडे होते. तिथली व्हिक्टोरियन धाटणीची लाकडी घरे १९०६ च्या भूकंपातून आणि आगीतून वाचलेली होती. पुढे शेजारून महामार्ग नेण्याची योजना आली, सुखवस्तू कुटुंबे उपनगरांकडे वळली आणि घरांचे मोल पडले. रहिवाशांच्या विरोधामुळे तो महामार्ग १९६६ मध्ये कायमचा बारगळला. पण तोवर विद्यार्थी, चित्रकार आणि वादक यांनी एकेका घरात पाच-सहा जण अशी बिऱ्हाडे थाटली होती. महायुद्धानंतरच्या भरभराटीत वाढलेली ही मुले होती. थोडके काम करून महिनाभर भागवता येईल इतकी स्वस्ताई तेव्हा होती, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट उलगडत नाही.

वैचारिक पूर्वज त्याच शहरात, नॉर्थ बीचमध्ये होते. अ‍ॅलन गिन्सबर्गने आपली गाजलेली दीर्घकविता १९५५ मध्ये याच शहरात वाचली होती. हाच गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये मुंबई, कोलकाता, बनारस असा भारतात राहून गेला आणि परतताना मंत्रोच्चार घेऊन गेला. जॅझ ऐकणाऱ्या त्या आधीच्या पिढीपेक्षा नवी मुले वेगळी पडली ती दोन गोष्टींनी: विजेवरची गिटार आणि एलएसडी. कादंबरीकार केन केसीने हे रसायन सरकारी पैशांतून चाललेल्या वैद्यकीय प्रयोगात स्वयंसेवक म्हणून पहिल्यांदा घेतले होते. १९६५ च्या अखेरीपासून त्याच्या मंडळींनी रात्रभराचे मेळावे भरवायला सुरुवात केली. तिथे वाजवणारा वाद्यवृंद म्हणजे ग्रेटफुल डेड. त्यांच्या ध्वनिसामग्रीचा बराचसा खर्च आउझली स्टॅनली या एलएसडी बनवणाऱ्यानेच उचलला होता. कॅलिफोर्नियात ६ ऑक्टोबर १९६६ पर्यंत या रसायनावर बंदी नव्हती.

या मेळाव्यांतून नृत्यसभागृहांचा धंदा उभा राहिला. फिलमोर सभागृह चालवणारा बिल ग्रॅहम हा बर्लिनमध्ये जन्मलेला, नाझींच्या तावडीतून सुटलेला ज्यू निर्वासित. हिशेबाला कडक, दारावर स्वतः उभा राहणारा. तरीही जिना चढून आलेल्या प्रत्येकासाठी वर सफरचंदांनी भरलेले पिंप ठेवलेले असे. पडद्यावर रंगांचे फुगे नाचत, ते उचकटलेल्या घड्याळांच्या काचांत रंगीत तेल आणि पाणी ओतून, खालून दिवा लावून, हाताने हलवत काढलेले. वेस विल्सनसारख्या चित्रकारांच्या जाहिरात-पत्रकांवरची अक्षरे ज्वाळांसारखी वळलेली असत. थांबून लावल्याशिवाय ती वाचताच येत नसत. अ‍ॅव्हलॉन सभागृहाचा चेट हेल्म्स सौम्य आणि उदार माणूस. ग्रॅहमचा व्यवसाय टिकला, हेल्म्सचा टिकला नाही. गाणी लांबत गेली, कारण श्रोते बसलेले नव्हते, नाचत होते. एकेक गाणे वीस-पंचवीस मिनिटे चाले. जेफरसन एअरप्लेन, क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिस आणि टेक्सासहून आलेली जॅनिस जॉप्लिन जिथे गाई तो बिग ब्रदर, हे सारे याच तालमीत तयार झाले.

धंद्याला उघड विरोध करणारे होते डिगर्स. सतराव्या शतकातल्या इंग्लिश बंडखोर शेतकऱ्यांचे नाव घेतलेली ही नाटकवाल्यांची टोळी १९६६ च्या ऑक्टोबरपासून पॅनहँडल या चिंचोळ्या बागेत रोज दुपारी फुकट जेवण वाढू लागली. वाडगा-चमचा ज्याचा त्याने आणायचा आणि रंगवलेल्या मोठ्या लाकडी चौकटीतून पाऊल टाकून रांगेत यायचे. भाजी बाजारातून मागून किंवा उचलून आणलेली असे. त्यांच्या दुकानात कशालाच किंमत नव्हती. फुकट वस्तूचे पैसे कोणीतरी भरलेले असतातच, हा मुद्दा त्यांच्या लेखी गौण होता. पण चळवळीच्या मुळावर पुढे तोच आला.

१४ जानेवारी १९६७ रोजी गोल्डन गेट पार्कात वीस-तीस हजार माणसे जमली. गिन्सबर्गने मंत्र म्हटले, एलएसडीचा प्रचारक टिमथी लिअरी याने भाषण केले, वाद्यवृंदांनी बिनपैशाने वाजवले. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांनी हेट उचलून धरले. जॉन फिलिप्सने लिहिलेले, स्कॉट मॅकेन्झीने गायलेले सॅन फ्रान्सिस्कोवरचे गाणे देशभर वाजले आणि त्या उन्हाळ्यात एक लाखापर्यंत तरुण या वस्तीत येऊन गेल्याचा अंदाज आहे. त्यांना झोपायला जागा नव्हती. डॉ. डेव्हिड स्मिथने जूनमध्ये मोफत दवाखाना उघडला, तेव्हा गुप्तरोग, कावीळ आणि नशेचे रुग्ण यांची रीघ लागली. लीवाईस कंपनीने पँटच्या जाहिराती जेफरसन एअरप्लेनकडूनच गाऊन घेतल्या. ६ ऑक्टोबरला, एलएसडीवरील बंदीच्या वर्षदिनी, डिगर्स आणि जुन्या रहिवाशांनी हिप्पीची प्रेतयात्रा काढली. ‘सायकेडेलिक शॉप’ या वस्तीतल्या पहिल्या हिप्पी दुकानाने उरलेला माल वाटून टाकून टाळे ठोकले.

संगीताची वाट मात्र मोकळी झाली होती. त्याच जूनमध्ये माँटेरे इथल्या तीन दिवसांच्या महोत्सवात जवळपास सर्वांनी मानधनाशिवाय कला सादर केली. ठरल्याप्रमाणे मानधन घेणारे पंडित रविशंकर होते. अल्लारखाँच्या तबल्याच्या साथीने रविवारी दुपारी त्यांनी तीन तासांच्या आसपास सतार वाजवली. जिमी हेंड्रिक्सने त्याच व्यासपीठावर गिटार पेटवली, तेव्हा वाद्याला देव मानणाऱ्या रविशंकरांना ते सहन झाले नाही. मैफलीत नशेत बसलेल्या श्रोत्यांबद्दलही ते पुढे स्पष्ट बोलत राहिले. चळवळ ज्या भारताकडे पाहत होती तो आणि ही शिस्त यांचा फारसा संबंध नव्हता. माँटेरेत रेकॉर्ड कंपन्यांचे अधिकारीही हजर होते, आणि जॉप्लिनसारख्यांचे करार तिथूनच पुढे सरकले.

ऑगस्ट १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवाला कुंपण वेळेत पुरे झाले नाही, म्हणून चार लाखांचा मेळा फुकट ठरला. आयोजक कर्जात बुडाले. ते कर्ज फेडले गेले चित्रपट आणि रेकॉर्डांच्या विक्रीतून. चारच महिन्यांनी, ६ डिसेंबरला, रोलिंग स्टोन्सने महाग तिकिटांवरच्या टीकेला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियात मोफत कार्यक्रम ठेवला. जागा दोनदा हुकली आणि शेवटच्या घटकेला अल्टामाँटची मोटारशर्यतीची धावपट्टी मिळाली. व्यासपीठ ठेंगणे होते. बंदोबस्त हेल्स एंजल्स या मोटारसायकलस्वारांच्या टोळीकडे दिला, तोही बिअरच्या मोबदल्यात असे सांगतात. त्यांनी एअरप्लेनच्या गायकाला बेशुद्ध पाडले आणि त्यांच्यापैकी एकाने मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला, त्याने पिस्तूल उपसल्यावर, भोसकून ठार केले. ज्या ग्रेटफुल डेडच्या वर्तुळातून या मोफत कार्यक्रमाची कल्पना निघाली, ते न वाजवताच परतले.

१९७० च्या सप्टेंबरात हेंड्रिक्स, ऑक्टोबरात जॉप्लिन गेली. दोघेही २७ वर्षांचे. हेटमध्ये एलएसडीची जागा हेरॉइनने घेतली होती आणि दुकानांच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या होत्या. १९७३ मध्ये सक्तीची लष्करभरती थांबली, तसा व्हिएतनाम युद्धाच्या विरोधाने चळवळीला पुरवलेला जोरही ओसरला. त्याच वर्षी तेलाचे भाव भडकले आणि थोडके कमावून जगण्याचे दिवसही सरले.

स्वस्ताई शोधत काही जण इस्तंबूल-काबूलमार्गे गोव्यात पोहोचले होते. हणजुणेच्या किनाऱ्यावर पैसे संपलेले प्रवासी जीन्स, कॅमेरे, कॅसेट विकत. त्यातूनच तिथला बुधवारचा बाजार वाढला. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातले सोव्हिएत सैन्य यांनी खुष्कीचा मार्ग बंद केला. तोवर सॅन फ्रान्सिस्को भागातून आलेला गोवा गिल इथे स्थिरावला होता. पुढे रॉक सोडून तो यंत्रसंगीताकडे वळला आणि नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स जगभर गेले. उलट दिशेने माहीमचे तबलावादक झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात गेले आणि डेडचा ड्रमवादक मिकी हार्ट याच्याबरोबर त्यांनी केलेले काम १९९१ च्या ‘प्लॅनेट ड्रम’पर्यंत पोहोचले.

फुकट आणि विकत यांचा मेळ अखेर डेडनेच घातला. श्रोत्यांना कार्यक्रम ध्वनिमुद्रित करू द्यायचा, टेपांची देवाणघेवाण होऊ द्यायची आणि तिकीट मात्र लावायचे, ही त्यांची रीत. १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागा राखली गेली. नव्वदच्या दशकात ते अमेरिकेतल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या दौऱ्यांच्या यादीत होते. ९ ऑगस्ट १९९५ रोजी डेडचा गिटारवादक जेरी गार्सिया वारला आणि त्या वर्षअखेरीस वाद्यवृंदाने ते नाव थांबवले.