सायकलीचा आडवा दांडा

जून जवळ आला की गटाच्या बैठकीत हप्ते आणि व्याज झाल्यावर एक विषय हमखास निघतो. पोरगी आठवीत गेली, शाळा लांब, सायकल घ्यायचीय. मग कोणी म्हणतं लेडीजच घ्या, कोणी म्हणतं घरात भावाची आहे ती चालेल की. कोणी म्हणतं मोठीच घ्या, पोर वाढतंय. पिंपळीच्या वस्त्यांवरून बारामतीच्या रस्त्याला लागलेल्या पोरी बघा, निम्म्या जणी सीटवर नीट बसलेल्याच नसतात, उभ्याने पायडल मारत असतात. म्हणून आज सायकलीच्या सांगाड्याचा, म्हणजे दुकानदार ज्याला फ्रेम म्हणतो तिचा, इतिहास सांगायचा बेत आहे. तो आडवा दांडा कुठून आला, बायकांसाठी तो कोणी काढला आणि काढल्यावर काय झालं?

आज आपण जिला सायकल म्हणतो ती 1885 साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावात आकाराला आली. जॉन केम्प स्टार्ली नावाच्या माणसाने ‘रोव्हर’ नावाची सायकल काढली. त्याच सुमाराला आपल्याकडे नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटत होतं, म्हणजे काळ किती जुना ते ध्यानात येईल. त्याआधीच्या सायकलीचं पुढचं चाक छातीएवढं आणि मागचं थाळीएवढं असायचं, पायडल थेट पुढच्या चाकालाच. त्यावर चढायचं म्हणजे झाडावर चढण्यातलाच प्रकार, आणि पडलं तर तोंडावर. स्टार्लीने दोन्ही चाकं जवळपास सारखी केली, पायडल मधोमध आणलं आणि चेनने मागचं चाक फिरवलं. पुढे तीन वर्षांनी, 1888 मध्ये, डनलॉपने हवा भरलेला टायर केला. मग लोकांची हाडं खिळखिळी व्हायची थांबली.

थोड्याच वर्षांत सांगाड्याचा आकार पक्का ठरला. आपल्या काळ्या जेंट्स सायकलीचा आहे तोच. बाजूने बघा. पुढचा भाग जवळजवळ त्रिकोण, मागचाही त्रिकोण. हे का, ते सुताराला विचारा. गोठ्याचं फाटक चार पट्ट्यांचं केलं तर चार महिन्यांत तिरकं होऊन जमिनीला घासतं. सुतार त्याला एक तिरपी पट्टी मारतो, आणि फाटक जागचं हलत नाही. चौकोन झुकतो, त्रिकोण झुकत नाही. म्हणून बारीक, हलक्या नळ्यांचा सांगाडासुद्धा माणसाचं ओझं पेलतो. आडवा दांडा नुसता शोभेचा नाही, तो त्या त्रिकोणाची वरची बाजू आहे.

आता बायकांचं. तिकडच्या बायका तेव्हा पायघोळ झगे घालायच्या. झगा घालून दांड्यावरून पाय टाकता येईना, म्हणून कारखानदारांनी दांडा काढून खाली उतरवला. मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी बसवली, चेनला डबा केला, म्हणजे कापड अडकायला नको. झाली लेडीज सायकल. पण त्रिकोणाची वरची बाजू गेली, तेव्हा तेवढीच मजबुती आणायला नळ्या जाड कराव्या लागल्या. सायकल जड झाली. म्हणजे कपडा बायकांचा, वजन ओढायचं तेही बायकांनीच. बायकांची ताकद कमी म्हणायचं आणि जड सायकल त्यांनाच द्यायची, हा हिशेब मला तरी कधी पटलेला नाही.

त्यातच त्या काळच्या सायकलींना फ्रीव्हील नव्हतं. पायडल थांबवलं तरी मागचं चाक कट-कट आवाज करत फिरत राहतं ना, ती करामत फ्रीव्हीलची. ते नसलं की चाक फिरेल तोवर पायडल फिरणारच. उतारावर पाय शिलाईच्या मशीनसारखे पळायचे. वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा जोर द्यायचा. यालाच आता फिक्स गियर म्हणतात. झगा चेनमध्ये गेला की काय होत असेल, विचार करा. फ्रीव्हील सर्रास मिळायला एकोणिसावं शतक संपत आलं.

1894 साली अमेरिकेत बॉस्टन शहरातून अ‍ॅनी लंडनडेरी नावाची बाई जगाच्या फेरीला निघाली. तिचं खरं नाव अ‍ॅनी कोपचोव्स्की, पदरात तीन लेकरं. लंडनडेरी हे एका पाणी विकणाऱ्या कंपनीचं नाव. कंपनीने पैसे दिले म्हणून तिने सायकलीला पाटी लावली आणि आडनावही तेच घेतलं. निघाली ती झगा घालून, बायकांच्या सायकलवर. ती सायकल होती 19 किलोची. शिकागोला पोचेपर्यंत तिला कळून चुकलं. तिथे तिने दांडा असलेली पुरुषी सायकल घेतली, साधारण साडेनऊ किलोची, आणि झगा टाकून ढगळ विजार चढवली. वजन निम्म्यावर आलं. 1895 मध्ये ती परत शिकागोला पोचली. वाटेत तिने बरंच अंतर बोटीतून काटलं आणि सांगताना तिखटमीठही भरपूर लावलं, पण सायकल बदलली ती मात्र अगदी हिशेबाने.

सगळ्यांना हे रुचत होतं असं नाही. 1897 मध्ये केंब्रिज विद्यापीठात मुलींना पदवी द्यावी का यावर मतदान होतं. तेव्हा विरोध करणाऱ्या पोरांनी बाईचा पुतळा करून रस्त्यावर उंच टांगला. तो पुतळा सायकलवर बसवलेला होता. शिकणारी बाई आणि सायकलवरची बाई त्यांना एकच वाटत होती. (तशी ती एकच आहे म्हणा.)

आपल्याकडे सायकल आली ती साहेबाची आणि श्रीमंताची म्हणून. 1888 साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलीचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईत शिकवायचे, तिथून सायकली पाठवायचे. रामूअण्णा त्या विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. पुढे याच किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना माहीत असेल. 1930 मध्ये बायकांसाठी ‘स्त्री’ मासिक निघालं तेही किर्लोस्करांकडूनच.

स्वातंत्र्यानंतर कारखाने इथेच झाले. मद्रासला टीआय, सोनिपतला अ‍ॅटलस, लुधियानाला 1956 पासून हिरो. सायकल शेतकऱ्याच्या, दूधवाल्याच्या घरात आली. तिचा आकार मात्र जुन्या इंग्रजी सायकलीचाच राहिला आणि माझ्या मते ते बरंच झालं. या सायकलीचा पुढचा चिमटा बराच तिरपा असतो. सरळ खाली न उतरता पुढे झुकतो, खाली थोडा वाकतोही. चिमटा ज्या रेषेत वळतो ती रेषा मनाने खाली जमिनीपर्यंत वाढवा. टायर जमिनीला टेकतो तो त्या रेषेच्या थोडा मागे. दवाखान्यातल्या ढकलगाडीची छोटी चाकं जशी आपोआप मागे वळून सरळ चालतात, तसंच हे. म्हणून चालती सायकल आपसूक सरळ राहू बघते. तिरपा चिमटा, लांब सांगाडा, मोठी चाकं यामुळे खाचखळग्यांत धक्के कमी बसतात, आणि मागे दुधाचे कॅन असले तरी हँडल गचके देत नाही. शर्यतीच्या सायकलीचा चिमटा उभा असतो. ती झटकन वळते, पण आपल्या चारीच्या रस्त्यावर दोन्ही हातांना मुंग्या आणील.

आणि आता आडव्या दांड्याची खरी गंमत. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा कोरडवाहू जिल्हा आहे. 1991 मध्ये तिथे साक्षरता मोहीम चालू होती आणि शीला राणी चुंकत या बाई कलेक्टर होत्या. त्यांनी अक्षरांबरोबर बायकांना सायकल शिकवायचं ठरवलं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, नर्सबाई, अंगणवाडीताई, हजारोंनी बायका शिकल्या. लोकांनी टिंगल केली, वाईट बोलले. पण लेडीज सायकली बाजारात पुरेनात, तेव्हा बायकांनी जेंट्स घेतल्या. पत्रकार पी. साईनाथ तिथे गेले होते. त्यांनी लिहून ठेवलंय की कितीतरी बायकांना पुढे जेंट्सच आवडू लागली. का? तर त्या आडव्या दांड्यावर लेकरू बसवता येतं! मागे कॅरिअरला पाण्याची घागर, पुढे लेकरू. ज्या दांड्याची इंग्लंडात अडचण झाली, तो इथे बायकांच्या कामाला आला. आणि आपल्या आजीचं नऊवारी बघा, काष्टा घातला की दांड्यावरून पाय टाकायला कशाची आडकाठी? लेडीज सायकलीचा आकार ठरवताना आपल्याला कोणी विचारलंच नव्हतं.

सायकल मोडून-जोडून दुसरं काही करण्यात आपली माणसं पटाईत. धार लावणारा सायकल स्टँडवर चढवून पायडलने दगड फिरवतो. शेतात सायकल कोळपं आलंय. जुन्या सायकलीचं चाक, हँडल आणि मागे पास, की झालं. वाकून खुरपण्यापेक्षा उभ्याने ढकलता येतं. पण हँडल पुरुषाच्या उंचीला लावून देतात आणि मग आपले खांदे भरून येतात. वेल्डिंगवाल्यासमोर स्वतः उभं राहून हँडल आपल्या कमरेपासून जरा वर, कोपर थोडं वाकलेलं राहील असं बसवून घ्यायचं. त्यालाही फार वेळ लागत नाही.

ते जुनं फिक्स गियर मात्र गेलेलं नाही. पुण्या-मुंबईची पोरं हल्ली हौसेने तशी सायकल बांधतात. आपल्या काळ्या सायकलीच्या मागच्या टोकाला आडवी खाच असते. चाक मागे ओढून चेन ताठ करता येते, म्हणून जुना सांगाडा त्या कामाला सोयीचा पडतो. फ्रीव्हील काढून साधं दात्यांचं चक्र घट्ट बसवतात. पण पायाने उलटा जोर दिला की ते चक्र आटे सोडून निघू शकतं. खऱ्या फिक्स गियरच्या हबला म्हणून उलट्या आट्यांची वेगळी चकती असते. गावातल्या पोरांनी तिच्याशिवाय खटाटोप केला आणि ब्रेकही काढले, तर कान धरा.

बिनब्रेकची सायकल चालते ती फक्त शर्यतीच्या गोल ट्रॅकवर. आपल्याच जिल्ह्यात बालेवाडीला तसा ट्रॅक आहे, कडा भिंतीसारख्या चढलेल्या. भंडारा जिल्ह्यातली मयूरी लुटे 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून अशाच ट्रॅकवर उतरली होती. या शर्यतीच्या सायकलीला फ्रीव्हील नाही, ब्रेक नाही, आणि दांडा आहे. तिथे लेडीज आणि जेंट्स असे दोन सांगाडे नसतात, नुसती मापं असतात.

तर मापाचं तेवढं सांगते. दुकानात वीस, बावीस म्हणतात तेव्हा विचारा, चाकाचं की फ्रेमचं? लहान मुलांच्या सायकली चाकाच्या मापाने विकतात. काळ्या मोठ्या सायकलीचं माप हे सीटखालच्या नळीच्या लांबीचं असतं. पोरीला बरोबर न्या. दांड्याची असेल तर दोन्ही तळवे जमिनीवर टेकून दांड्यावर उभी करा, मध्ये दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. मग सीटवर बसवून टाच खालच्या पायडलवर ठेवायला सांगा, गुडघा सरळ झाला पाहिजे. टाच पोचतच नसेल आणि सीट तळाला गेलेली असेल, तर ती फ्रेम मोठी आहे. दुकानदार म्हणेल पोरगी दोन वर्षांत मोठी होईल. त्याला सांगा, शाळा येत्या सोमवारी सुरू होतेय.