शाळेतल्या समुपदेशकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण: व्हिडिओ पाहून समुपदेशन शिकता येतं का?

समजा, नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या एखाद्या शाळेत नववीची एक मुलगी महिनाभर गप्पगप्प आहे. सहामाहीत मार्क घसरलेत, डबा तसाच घरी परत जातोय. हे वर्गशिक्षिकेच्या लक्षात येतं. पण पुढे काय?

नागपूर शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागही आहे. मात्र उदास असलेल्या प्रत्येक मुलाला तिथे नेण्याची गरज नसते. 'लोक काय म्हणतील' म्हणून अनेक पालक तयारही होत नाहीत. त्यामुळे पहिली मदत शाळेतच मिळाली, तर ती सर्वात सोपी. ती देणाऱ्यांना घरबसल्या, मोबाइलवर शिकवता येईल का?

हा प्रश्न आत्ता का महत्त्वाचा?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा, असं त्यात म्हटलंय. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं आहे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे.

गरजही उघड आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची चिंता वाटते, असं ८१ टक्के मुलांनी सांगितलं.

एवढ्या शाळांमध्ये वर्ग घ्यायला तज्ज्ञ पुरणार नाहीत, म्हणून ऑनलाइन प्रशिक्षणाकडे पाहिलं जातं. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना 'दीक्षा'वरचे कोर्स ओळखीचे आहेत. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात बंगळुरूच्या निम्हान्सनेही २०१८ मध्ये डिजिटल अकादमी सुरू केली. तिथे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि समाजसेवकांना दूरस्थ पद्धतीने शिकवलं जातं.

'पुराव्यावर आधारित' थेरपी म्हणजे काय?

'टेन्शन घेऊ नकोस', 'अभ्यासात मन रमव' हा सल्ला झाला, थेरपी नव्हे. ज्या पद्धतीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि ती वापरल्याने फरक पडतो का, हे मोजून पाहिलं गेलंय, ती पुराव्यावर आधारित पद्धत.

आपल्याकडचं चांगलं उदाहरण गोव्यात सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेचं आहे. तिच्या 'प्राईड' प्रकल्पात दिल्लीतल्या सरकारी शाळांमधल्या नववी ते बारावीच्या मुलांसाठी समस्या सोडवण्याची एक छोटी पद्धत तयार झाली. आधी नेमकी अडचण ओळखायची, मग पर्याय काढायचे, त्यातला एक निवडून करून पाहायचा. चार-पाच छोट्या भेटींत हे होतं. भेटी घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ते प्रशिक्षण घेतलेले सामान्य समुपदेशक होते.

२५० विद्यार्थ्यांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. फक्त पुस्तिका मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, समुपदेशक भेटलेल्या मुलांना सहा आठवड्यांनी आपल्या अडचणी कमी त्रासदायक वाटत होत्या. मानसिक त्रासाच्या लक्षणांत मात्र तेव्हा दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. पुरावा असा असतो: काय साधलं आणि काय नाही, दोन्ही सांगणारा.

ऑनलाइन शिकून कौशल्य येतं का?

माहिती नक्की मिळते. कौशल्य येण्यासाठी मात्र पुढची सोबत लागते.

अमेरिकेत ११५ थेरपिस्टना मुलांच्या चिंतेवरची कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी तीन वेगवेगळ्या प्रकारे शिकवण्यात आली. त्यात एक प्रकार संगणकावरचा होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तिन्ही प्रकारांत मोठा फरक आढळला नाही. फरक पडला तो नंतर. प्रशिक्षण संपल्यावर ज्यांनी तज्ज्ञांशी जास्त तास चर्चा केली, ते तीन महिन्यांनी थेरपी अधिक नीट वापरत होते.

याचा अर्थ, ऑनलाइन की प्रत्यक्ष, हा वाद दुय्यम आहे. गाडी चालवण्याचे व्हिडिओ कितीही पाहिले, तरी पहिल्या दिवशी शेजारी शिकवणारा लागतोच. इथेही तसंच आहे.

मग शिक्षकांनीच समुपदेशक व्हायचं का?

बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांमध्ये 'सेहेर' नावाचा कार्यक्रम झाला. ही थेरपी नव्हती. संपूर्ण शाळेसाठीचा आरोग्य कार्यक्रम होता. काही शाळांत तो वेगळ्या नेमलेल्या समुपदेशकांनी राबवला, काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत जवळपास काहीच फरक दिसला नाही.

म्हणून शिक्षकांचं प्रशिक्षण वाया जातं, असं नाही. मूल गप्प झालंय, हे सर्वात आधी शिक्षकालाच दिसतं. पण ओळखणं एक आणि थेरपी देणं वेगळं. एकाच कोर्सचं प्रमाणपत्र देऊन दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात घालणं चुकीचं ठरेल.

शाळेने कोर्स निवडताना काय विचारावं?

• एकच ठरावीक पद्धत पायरीपायरीने शिकवतात, की नुसती व्याख्यानं आहेत?
• समोर कोणाला तरी बसवून सराव करून घेतात का? तो पाहून चुका कोण सांगतं?
• कोर्स संपल्यावर काही महिने तरी दर आठवड्याला तज्ज्ञाशी बोलता येतं का?
• मराठीत सराव होतो का? मुलं मराठीत किंवा हिंदीत रडतात, इंग्रजीत नाही.
• आपल्या आवाक्याबाहेरचं मूल कसं ओळखायचं आणि कुठे पाठवायचं, हे शिकवतात का?

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. मूल स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा जीव देण्याबद्दल बोललं, तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी पालक व डॉक्टरांपर्यंत पोहोचायचं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. शिक्षक आणि पालकही तिथे फोन करू शकतात.

वाडीतल्या त्या मुलीला समुपदेशकाने किती तासांचे व्हिडिओ पाहिले, याच्याशी देणंघेणं नाही. पहिल्या भेटीत गडबड झाली, तर दुसऱ्या भेटीआधी त्या समुपदेशकाला विचारायला कोणी आहे का, यावर तिला मिळणारी मदत ठरेल.