नाशिकची कॉर्नेलिया आणि ऑनर्सचा फॉर्म

कुणाची जेवणं उरकली असतील, कुणाची भाकरी अजून तव्यावर असेल. असू द्या. हात चालू ठेवा आणि कान तेवढे इकडे द्या.

मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते झाले, वहीवर सह्या झाल्या. सगळ्या उठणार तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "मॅडम, पोरीच्या कॉलेजात सांगतात की तीन वर्षांत पण पदवी मिळते, आन चौथं वर्ष केलं तर ऑनर्स म्हणून मिळते. हे काय नवीन काढलंय? तिला आत्ताच फॉर्मावर लिहून द्यायचंय. इकडं स्थळ पण सांगून आलंय. एक वर्ष थांबायचं तर कशासाठी थांबायचं, एवढं सांगा."

मी बीए झालेली. सहयोगिनी म्हणून गावोगाव फिरते, बँकेचे फॉर्म भरून देते. पण मला उत्तर देता येईना. पुढच्या बैठकीत सांगते म्हटलं आणि शोधायला बसले. चौथ्या वर्षाची माहिती तासाभरात मिळाली. पण हा ऑनर्स शब्द आला कुठून, हे बघताना एक जुनी गोष्ट हाताला लागली. आपल्या नाशिकमध्ये जन्मलेल्या मुलीची. आधी ती सांगते, मग त्या ताईंच्या प्रश्नाकडे येते.

ऑनर्स म्हणजे मान. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठानं १८०० साली परीक्षेचे नवे नियम केले. नुसती पास होणारी मुलं वेगळी, आणि जास्त अभ्यास करून अवघड परीक्षा देणाऱ्यांच्या नावांची यादी वेगळी. केंब्रिजला गणिताची अशी परीक्षा त्याच्याही आधीपासून होती. तिच्यात पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणायचे, आणि सगळ्यांच्या वर असेल तो सीनियर रँग्लर. आपले रँग्लर परांजपे ते हेच. कोकणातल्या मुर्डी गावचे. १८९९ साली केंब्रिजला दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बरोबरीनं ते पहिले आले. ते तिथं गेले होते भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. ही शिष्यवृत्ती जरा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

यादीत नाव वर आलं की मागून बाकीचं येतं. शिष्यवृत्ती, पुढच्या शिक्षणाची जागा, नोकरी. आपल्या गटाला ग्रेडिंगमध्ये चांगली श्रेणी मिळाली की बँकेचा साहेब खुर्ची देतो ना, तसंच. मान कागदावरचा असतो, पण कर्ज खरं मिळतं.

आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं १८५७ साली निघाली. त्यांच्या नियमांत जिथं तिथं 'तो'. विद्यार्थी म्हणजे तो, उमेदवार म्हणजे तो. १८७५ साली बेळगावच्या एका पारशी गृहस्थांनी मुंबई विद्यापीठाला विचारलं, माझ्या मुलीला मॅट्रिकच्या परीक्षेला बसू द्याल का? विद्यापीठानं नाही म्हटलं. ती मुलगी नापास झाली नाही हं. ती परीक्षेपर्यंत पोचलीच नाही. १८८३ साली विद्यापीठानं ठरवलं की नियमात 'तो' लिहिलं असलं तरी त्यात 'ती' पण धरायची. कलकत्त्यानं हे आधीच केलं होतं. तिथं १८८३ साली चंद्रमुखी बसू आणि कादंबिनी गांगुली पदवीधर झाल्या आणि १८८६ साली कामिनी सेन संस्कृतमध्ये ऑनर्स घेऊन बीए झाली. हीच पुढं कामिनी रॉय म्हणून बंगालीतली कवयित्री झाली.

आता आपली नाशिकची. नाव कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १५ नोव्हेंबर १८६६. वडील पारशी, ते ख्रिस्ती झाले होते. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवायची. घरात बहिणी पुष्कळ, आणि आईबापांचा हट्ट की सगळ्यांनी शिकायचं. मोठ्या बहिणींच्या वेळी विद्यापीठाचं दार बंदच होतं. कॉर्नेलियाच्या वेळी ते किलकिलं झालं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती दाखल झाली. मुलांच्या कॉलेजात एकटी मुलगी. ती येताना दिसली की पोरं वर्गाचं दार तिच्या तोंडावर लावून घ्यायची. तरी ती रोज जायची.

१८८७-८८ मध्ये तिचा शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला. पहिला वर्ग, आणि तिच्या वर्षात ती सगळ्यांत वर. मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री पदवीधर. आणि अशा वर आलेल्या विद्यार्थ्याला इंग्लंडला जाऊन शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. ती तिला मिळाली नाही. कारण एकच. ती बाई होती.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. काही वर्षांनी परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर बोटीत बसले, त्यांच्या हुशारीबद्दल कुणाला शंका नाही. पण हिनं फॉर्म भरला, फी भरली, मुलांना मागं टाकलं, आणि शेवटच्या पायरीवर पुन्हा तोच 'तो' आडवा आला.

मग ती अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवायला लागली. म्हणजे बघा, शिकायला पाठवायला बाई चालेना, पण शिकवायला चालली. तिथूनच तिनं इंग्लंडमधल्या ओळखीच्या मंडळींना पत्रं लिहिली. लेडी हॉबहाउस नावाच्या बाईंनी तिच्यासाठी लंडनच्या टाइम्स वर्तमानपत्रात पत्र छापून आणलं. वर्गणी जमली. देणाऱ्यांत फ्लोरेन्स नाइटिंगेल होत्या, पुढं काँग्रेसचे अध्यक्ष झालेले विल्यम वेडरबर्न होते. सरकारनं नाकारलेले पैसे लोकांनी असे गोळा केले. १८८९ साली ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये पोचली.

तिथं तिनं कायदा घेतला. पण परीक्षेला बसायचं म्हटल्यावर पुन्हा अडलं, कारण कायद्याच्या त्या मोठ्या परीक्षेला, बीसीएलला, तोवर एकही बाई बसली नव्हती. तिच्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२ साली ती परीक्षा देऊन पास झाली. आता तरी पदवी मिळाली असं तुम्हाला वाटलं असेल. नाही मिळाली. ऑक्सफर्डमध्ये बाईनं परीक्षा द्यायची, पास व्हायचं, आणि पदवी मात्र नाही. बायकांना पदव्या द्यायला ऑक्सफर्डनं १९२० साली सुरुवात केली. कॉर्नेलियानं तिची पदवी १९२२ मध्ये घेतली. तीस वर्षांनी. तेव्हा तिचं वय पंचावन्न होतं.

मधल्या काळात ती हातावर हात ठेवून बसली नव्हती. मुंबईची एलएलबी झाली, अलाहाबादला वकिलीची परीक्षा दिली, तरी कोर्टात उभं राहायची सनद बाईला नव्हती. १९०४ साली बंगाल सरकारनं तिला एक काम दिलं. मोठ्या घराण्यांतल्या पडद्यातल्या विधवा आणि पोरकी मुलं, ज्यांच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा, त्यांच्या वतीनं सरकारशी बोलायचं. पुरुष वकिलाला त्या घरांत आत जाता येत नव्हतं, हिला येत होतं. सहाशेच्या वर बायका-मुलांना तिनं मदत केली असं सांगतात. १९२३ साली कायदा बदलला, बायकांना वकिली करता येऊ लागली, आणि मग ती कलकत्त्याच्या कोर्टात उभी राहिली. तिची सगळी मतं मला पटत नाहीत. इंग्रजांचं राज्य राहावं असं तिला वाटायचं, गांधीजींवर तिनं कडक टीका केली. ते तिच्यापाशी. फॉर्मावर तिनं जे भोगलं ते खोटं होत नाही.

केंब्रिजचंही एक सांगते. १८९० साली फिलिपा फॉसेट या मुलीला गणिताच्या परीक्षेत सगळ्या मुलांपेक्षा जास्त गुण पडले. पण बायकांची यादी वेगळी वाचायचे. म्हणून तिला सीनियर रँग्लर म्हणता येईना, 'सीनियर रँग्लरच्या वर' असं जाहीर केलं. आणि रँग्लर परांजप्यांची मुलगी शकुंतला, वडिलांनी दिली तीच गणिताची परीक्षा केंब्रिजला देऊन १९२९ साली उत्तीर्ण झाली. पुढं त्यांनी आपल्याकडे कुटुंबनियोजनाचं मोठं काम केलं, राज्यसभेत गेल्या. पण पूर्ण हक्काची पदवी केंब्रिजनं बायकांना दिली १९४८ पासून. बाप आणि लेक, परीक्षा एक, कागद दोन.

आता कुणी म्हणेल, आज फॉर्मावर 'तो' कुठं आहे? खरंय, नाही. पण माझंच सांगते. आमच्या वेळी बीएच्या दुसऱ्या वर्षाला स्पेशल विषय निवडावा लागायचा. मला इतिहास घ्यायचा होता. ते दिवस पेरणीचे, घरात माणसं कमी, मी तीन दिवस उशिरा पोचले. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, इतिहास भरला, राज्यशास्त्र घ्या. मी 'बरं सर' म्हटलं आणि लिहिलं. नंतर कळलं, त्या वर्षी इतिहासाच्या वर्गात अकराच मुलं होती. मला कुणी हाकललं नव्हतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, एवढंच.

तर त्या ताईंचा प्रश्न. नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी आहेच, तिला किमान १२० क्रेडिट लागतात. क्रेडिट म्हणजे कोणत्या विषयाला किती तास दिले आणि तो पास केला याची जमा, आपल्या बचतीच्या वहीसारखी. चौथं वर्ष करून १६० झाले की ऑनर्स. त्यातही दोन वाटा. एक साधा ऑनर्स. दुसरा संशोधनासह ऑनर्स, त्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत आणि चौथ्या वर्षी प्रबंध लिहायचा. त्यासाठी मार्गदर्शक प्राध्यापक लागतात, म्हणून ही सोय प्रत्येक कॉलेजात नसते.

फायदा काय? चार वर्षं केलेल्याला एमए एका वर्षात करता येतं. तीन अधिक दोन पाचच, आणि चार अधिक एक पाचच. म्हणजे पुढं शिकायचंच असेल तर वर्ष वाया जात नाही. शिवाय चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एमए न करता नेट परीक्षेला बसता येतं, पीएचडीला अर्ज करता येतो. कॉलेजात शिकवायचं स्वप्न असेल तर हे फार मोठं आहे. पण मुलीला तलाठी व्हायचं असेल, एमपीएससी द्यायची असेल, तर तीन वर्षांची पदवी पुरते. उगाच मानासाठी चौथं वर्ष करा असं मी कुणाला सांगणार नाही.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं. त्या ताईंची मुलगीही आली होती. तिला विचारलं, तुला काय व्हायचंय? आईकडं बघत ती म्हणाली, "मला शिकवायचंय. कॉलेजात." तिचे आत्तापर्यंत ७८ टक्के आहेत. आईला हे पहिल्यांदाच कळलं. बैठकीत कुणी काही बोलेना. मग आमच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, फीचं काय ते आधी बघून या, गटातून अंतर्गत कर्जाचं आपण बघू. स्थळवाल्यांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. मुलीचे वडील म्हणतात, थांबतील तर थांबतील.

मुलीनं वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून घेतलेत. आमच्या कॉलेजात माझ्या विषयाचं चौथं वर्ष आहे का? संशोधनाचा ऑनर्स आहे का, नसेल तर जवळ कुठं? महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती चौथ्या वर्षालाही चालू राहील का? माझ्या क्रेडिटच्या खात्यात सगळ्या सत्रांची नोंद झाली आहे का? फॉर्मची शेवटची तारीख कोणती, आणि ती कुठं लावली आहे? शेवटचा प्रश्न मी घालायला लावला.

गुरुवारी पहिल्या एसटीनं आम्ही तिघी जातोय. खिडकीशी मुलगी उभी राहणार, तिची आई आणि मी मागं. विषय भरला म्हणाले तर किती मुलं आहेत ते विचार, असं तिला सांगून ठेवलंय.