एफट्रेस

एफट्रेस हे लिनक्स कर्नलमध्येच अंतर्भूत असलेले मागोवा घेण्याचे साधन आहे. कर्नल, म्हणजे संचालन प्रणालीचा गाभा, प्रत्यक्ष काम करीत असताना त्यातील कोणते फंक्शन केव्हा, कोणत्या प्रोसेसरवर व कोणत्या प्रक्रियेसाठी चालले आणि त्याला किती वेळ लागला, याची नोंद एफट्रेस ठेवते. 'फंक्शन ट्रेसर' या शब्दांवरून हे नाव पडले. मात्र आज फंक्शनांचा मागोवा हा त्याचा केवळ एक भाग उरला असून घटनांची नोंद, विलंबाचे मोजमाप व नव्या तपासबिंदूंची निर्मिती ही कामेही याच यंत्रणेमार्फत होतात.

पार्श्वभूमी

साध्या आज्ञावलीतील दोष शोधताना ती मध्येच थांबवून तिच्या चलांची तपासणी करता येते. कर्नलच्या बाबतीत हा मार्ग फारसा उपयोगी नाही, कारण तो थांबला की कळफलक, पडदा, डिस्क व नेटवर्क ही सर्वच थांबतात. दुसरा जुना उपाय म्हणजे कर्नलच्या स्रोतसंहितेत ठिकठिकाणी संदेश छापणाऱ्या ओळी घालणे. त्यासाठी कर्नल पुन्हा संकलित करून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. शिवाय संदेश छापण्यास लागणाऱ्या वेळामुळे मूळ कामाची गतीच बदलते. काही मायक्रोसेकंदांच्या फरकावर अवलंबून असलेला दोष अशा वेळी दिसेनासा होतो आणि त्या ओळी काढल्या की पुन्हा उगवतो. निरीक्षणाने निरीक्ष्य वस्तूला कमीत कमी धक्का लावावा, ही एफट्रेसच्या रचनेमागची मुख्य अट आहे.

इतिहास

लिनक्स तत्काल-प्रतिसादी, म्हणजे ठरलेल्या वेळेत हमखास उत्तर देणारा, बनवण्याच्या प्रकल्पात इंगो मोल्नार यांनी विलंब मोजणारे एक साधन लिहिले होते. ते साधन आणि स्वतःची 'लॉगडेव' ही जुनी आज्ञावली यांच्या अनुभवावरून स्टीव्हन रोस्टेट यांनी एफट्रेस तयार केले. ९ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या २.६.२७ या आवृत्तीत ते मुख्य कर्नलमध्ये समाविष्ट झाले.

ही सुरुवात सुखाची नव्हती. सप्टेंबर २००८ मध्ये २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्या काही जणांची इंटेलची नेटवर्क कार्डे निकामी होऊ लागली. 'ई१०००ई' या ड्रायव्हरवर चालणाऱ्या या कार्डांच्या कायमस्वरूपी स्मृतीतील मजकूर बिघडत होता. संगणक पुन्हा सुरू करून किंवा जुना कर्नल बसवूनही कार्ड पूर्ववत होत नव्हते, म्हणजे सॉफ्टवेअरमधील चुकीने यंत्रभाग बाद होत होता. प्रथम संशय त्या ड्रायव्हरवर व आलेखी प्रदर्शन यंत्रणेवर गेला. खरे कारण निघाले ते एफट्रेस, ज्याचा नेटवर्कशी काहीही संबंध नव्हता.

त्या वेळच्या रचनेत प्रत्येक फंक्शन पहिल्यांदा चालले की त्याचा स्मृतीतील पत्ता नोंदवला जाई आणि सेकंदाला एकदा जागी होणारी एक पार्श्वप्रक्रिया त्या पत्त्यांवरील यंत्रसूचना बदलत असे. परंतु कर्नल सुरू होताना एकदाच लागणारी फंक्शने नंतर स्मृतीतून काढून टाकली जातात आणि काढलेल्या मॉड्यूलची जागाही रिकामी होते. अशी मोकळी झालेली जागा पुढे नेटवर्क कार्डाच्या स्मृतीला नेमून दिली गेली, तरी एफट्रेसच्या यादीत जुना पत्ता तसाच राही. बदल करण्यापूर्वी तिथे अपेक्षित सूचना आहे की नाही हे तपासले जाई. पण त्यासाठी वापरलेली 'तुलना करून अदलाबदल' ही यंत्रसूचना, तुलना जुळली नाही तरीही त्या जागी लेखन करते. साध्या स्मृतीत तेच मूल्य पुन्हा लिहिले गेल्याने काही बिघडत नाही. कार्डाच्या फ्लॅश स्मृतीवर मात्र असे लेखन घातक ठरले.

लगोलग आलेल्या २.६.२७.१ या आवृत्तीत एफट्रेसचा हा भाग बंद करण्यात आला व २.६.२८ मध्ये तो नव्या पायावर परत आला. चालत्या यंत्रावर पत्ते गोळा करण्याची पद्धत सोडून देण्यात आली. संकलनाच्या वेळीच सर्व जागांची यादी बनवून ती कर्नलच्या संचिकेत जोडली जाऊ लागली. प्रत्येक बदलापूर्वी त्या जागी काय आहे ते आधी वाचायचे आणि अपेक्षेपेक्षा एक बाइटही वेगळा आढळल्यास इशारा देऊन स्वतःच बंद पडायचे, हा एफट्रेसचा आजचा सावध स्वभाव त्या अनुभवातून आलेला आहे.

कार्यपद्धती

जीसीसी या संकलकाला विशिष्ट पर्याय दिला की तो प्रत्येक फंक्शनच्या आरंभी एका ठरावीक उपफंक्शनला हाक मारणारी सूचना घालतो. हा पर्याय मुळात आज्ञावल्यांच्या वेळेचा हिशेब मांडण्यासाठी होता. एफट्रेसने तो आपल्या कामासाठी वापरला. हजारो फंक्शनांतून अशी हाक सतत जात राहिली तर कर्नल मंदावेल, म्हणून संगणक सुरू होतानाच या सर्व जागी 'काहीच करू नका' असे सांगणारी सूचना लिहिली जाते. मागोवा बंद असताना प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एवढीच निरुपद्रवी सूचना असते व तिचा भार जवळजवळ जाणवत नाही. वापरकर्त्याने एखादे फंक्शन निवडले की फक्त तेवढ्याच जागी ती बदलून पुन्हा हाक बसवली जाते. इंटेल-एएमडी कुळातील प्रोसेसरवर ही जागा पाच बाइटांची असते.

फंक्शन संपण्याची वेळ कळावी यासाठी फंक्शन-ग्राफ हा ट्रेसर आणखी एक युक्ती करतो. फंक्शनने काम संपवून जिथे परतायचे तो पत्ता तो बाजूला जपून ठेवतो व त्याच्या जागी स्वतःचा पत्ता ठेवतो. फंक्शन परतते ते आधी ट्रेसरकडे. तो वेळ नोंदवतो आणि मग त्याला मूळ वाटेला लावतो.

नोंदी प्रत्येक प्रोसेसरच्या स्वतंत्र चक्राकार बफरमध्ये साठतात, त्यामुळे प्रोसेसरांना एकमेकांसाठी थांबावे लागत नाही. बफर भरला की सर्वांत जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते.

स्थापना

एफट्रेस वेगळे उतरवून बसवावे लागत नाही. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारख्या प्रमुख वितरणांच्या कर्नलमध्ये ते असतेच. वापरण्यासाठी रूट वापरकर्त्याचे अधिकार लागतात. सर्व व्यवहार '/सिस/कर्नल/ट्रेसिंग' या निर्देशिकेतील फाइलींतून होतो. (या लेखात फाइलींची व आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावी लागतात.) ४.१ या आवृत्तीपूर्वी हीच निर्देशिका '/सिस/कर्नल/डीबग/ट्रेसिंग' येथे असे, आणि जुन्या पुस्तकांत अजूनही तोच पत्ता आढळतो. निर्देशिका रिकामी दिसल्यास 'माउंट -टी ट्रेसएफएस नोडेव /सिस/कर्नल/ट्रेसिंग' ही आज्ञा द्यावी.

त्यानंतर 'अव्हेलेबल_ट्रेसर्स' ही फाइल वाचावी. तीत 'फंक्शन' व 'फंक्शन_ग्राफ' ही नावे असतील तर सर्व सिद्धता झाली. केवळ 'नॉप' एवढेच दिसल्यास तो कर्नल या सोयीविना संकलित केलेला आहे. अशा वेळी कर्नलच्या पर्याय-सूचीतील 'कर्नल हॅकिंग' विभागात 'ट्रेसर्स' चालू करून तो नव्याने संकलित करावा लागतो.

वापर

एफट्रेस चालवायला फाइलीत लिहिणारी 'इको' आणि फाइल वाचणारी 'कॅट' या दोन आज्ञा पुरतात. राउटरसारख्या लहान यंत्रात, जिथे दुसरे काही बसवायला जागा नसते, तिथेही ते वापरता येते ते यामुळेच.

समजा, फाइल वाचताना लागणारा वेळ कुठे जातो हे पाहायचे आहे. प्रथम 'ट्रेसिंग_ऑन' या फाइलीत ० लिहून नोंदणी थांबवावी. 'सेट_ग्राफ_फंक्शन' मध्ये 'व्हीएफएस_रीड' हे नाव लिहावे आणि 'करंट_ट्रेसर' मध्ये 'फंक्शन_ग्राफ'. मग 'ट्रेसिंग_ऑन' मध्ये १ लिहून तपासायचे काम करावे व लगेच पुन्हा ० लिहावे. 'ट्रेस' ही फाइल वाचली की वाचनाच्या फंक्शनापासून आत आत गेलेल्या हाकांची पायरीपायरीने मांडलेली यादी मिळते. प्रत्येक हाकेपुढे मायक्रोसेकंदांत वेळ असतो. दहा मायक्रोसेकंदांहून अधिक वेळ लागला तर '+', शंभरांहून अधिक लागला तर '!' आणि हजारांहून अधिक लागला तर '#' ही खूण दिसते. लांबलचक यादीत नजर आधी या खुणांवर ठेवावी. काम झाल्यावर 'करंट_ट्रेसर' मध्ये 'नॉप' लिहिण्यास विसरू नये.

नवशिक्याची वाट अडते ती बहुधा कर्नलमुळे नव्हे तर शेलमुळे. 'सुडो इको फंक्शन > करंट_ट्रेसर' असे लिहिल्यास परवानगी नाकारली जाते, कारण सुडोचा अधिकार केवळ 'इको'ला मिळतो. फाइल उघडण्याचे काम साध्या वापरकर्त्याचा शेलच करीत असतो. त्यासाठी आधी रूट शेल उघडावा किंवा मजकूर 'सुडो टी' या आज्ञेकडे पाठवावा. तसेच 'सेट_एफट्रेस_फिल्टर' या फाइलीत एकेरी बाणाने नाव लिहिल्यास आधीची सर्व नावे पुसली जातात. आधीच्या यादीत भर घालायची तर दुहेरी बाण हवा. 'ट्रेस' या फाइलीत एकेरी बाणाने काहीही लिहिले तरी बफर रिकामा होतो, आणि गोळा केलेला पुरावा अशा रीतीने गमावणारे पुष्कळ आहेत.

फिल्टर न लावता सर्व फंक्शनांचा मागोवा घेणे क्वचितच शहाणपणाचे असते. निवडता येण्याजोगी नावे 'अव्हेलेबल_फिल्टर_फंक्शन्स' मध्ये असतात आणि वितरणाच्या कर्नलमध्ये ती हजारोंच्या संख्येने असतात. सर्व चालू केल्यास बफर क्षणार्धात भरून वाहू लागतो, यंत्र मंदावते व हवी ती नोंद पुसली जाते. नावात '*' वापरून गट निवडता येतो. उदाहरणार्थ 'ईएक्सटी४_*' लिहिल्यास त्या फाइल प्रणालीची फंक्शने तेवढी निवडली जातात. 'सेट_एफट्रेस_पीआयडी' मध्ये प्रक्रियेचा क्रमांक लिहून फंक्शन ट्रेसरचा मागोवा त्या एकाच प्रक्रियेपुरता ठेवता येतो.

फंक्शनांची नावे आवृत्तीगणिक बदलतात. ज्यांना अधिक स्थिर आधार हवा त्यांनी 'इव्हेंट्स' या उपनिर्देशिकेतील घटना वापराव्यात. कर्नलच्या लेखकांनी महत्त्वाच्या जागी स्वतःच रोवलेल्या या खुणा आहेत. 'शेड' गटातील 'शेड_स्विच' ही घटना चालू केली की प्रोसेसर कोणत्या क्षणी कोणाचे काम सोडून कोणाचे हाती घेतो ते दिसते. संगणक 'अडकतो' या तक्रारीची तपासणी पुष्कळदा येथूनच सुरू करणे सोपे जाते. वापरकर्त्याची आज्ञावलीही 'ट्रेस_मार्कर' या फाइलीत मजकूर लिहून आपली खूण याच नोंदींच्या ओघात सोडू शकते. अँड्रॉइड फोनमधील कार्यक्षमता-तपासणीची साधनेही एफट्रेसच्या नोंदींचा उपयोग करतात.

विलंबाचे मोजमाप

'आयआरक्यूएसऑफ' हा ट्रेसर, कर्नलने इंटरप्ट किती काळ बंद ठेवले याची आजवरची कमाल नोंद तेवढी जपून ठेवतो. त्याहून लांब विलंब घडला तरच जुनी नोंद जाऊन नवी येते. 'वेकअप_आरटी' हा तत्काल-प्रतिसादी प्रक्रियेला जागे केल्यापासून ती प्रत्यक्ष चालू होईपर्यंतचा काळ मोजतो. ध्वनिमुद्रण किंवा यंत्रनियंत्रण अशा कामांत सरासरी वेळ उत्तम असून भागत नाही, सर्वांत वाईट वेळ महत्त्वाची असते. तिचा शोध या ट्रेसरांनी लागतो. ज्या प्रकल्पाच्या गरजेतून हे मोजमाप जन्मले तो तत्काल-प्रतिसादी कर्नल २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये पूर्णतः सामील झाला.

ट्रेस-सीएमडी व कर्नलशार्क

वारंवार फाइलींत लिहिणे कंटाळवाणे असल्याने रोस्टेट यांनीच 'ट्रेस-सीएमडी' ही आज्ञावली लिहिली. डेबियन व उबुंटूवर 'एपीटी इन्स्टॉल', तर फेडोरावर 'डीएनएफ इन्स्टॉल' या आज्ञेने ती बसवता येते. तिची 'रेकॉर्ड' ही उपआज्ञा नोंदी 'ट्रेस.डॅट' या संचिकेत साठवते व 'रिपोर्ट' ही उपआज्ञा त्या वाचनीय रूपात दाखवते. हीच संचिका कर्नलशार्कमध्ये उघडल्यास प्रत्येक प्रोसेसरची कालरेषा आलेखाच्या रूपात पाहता येते.

मर्यादा

संकलकाने ज्यांचा मजकूर हाक मारणाऱ्या फंक्शनातच विरघळवून टाकला आहे, ती फंक्शने एफट्रेसला दिसत नाहीत. अपेक्षित नाव यादीत नसल्यास प्रथम ही शक्यता लक्षात घ्यावी. एफट्रेसची स्वतःची फंक्शनेही मागोव्यातून वगळलेली असतात, अन्यथा मागोव्याचा मागोवा घेण्याचे अखंड चक्र सुरू होईल. फंक्शन-ग्राफमधील वेळेत मोजमापाचा स्वतःचा खर्चही मिसळलेला असतो. त्यामुळे अनेक लहान हाका मारणारे फंक्शन प्रत्यक्षाहून मंद भासते. ते आकडे परस्परांशी ताडून पाहावेत, घड्याळातील वेळ म्हणून उद्धृत करू नयेत. नोंदींतील नेहमीचे 'लोकल' घड्याळ जलद असले तरी निरनिराळ्या प्रोसेसरांवर तंतोतंत जुळेलच असे नाही. घटनांचा क्रम निर्णायक असेल तेव्हा 'ट्रेस_क्लॉक' मध्ये 'ग्लोबल' लिहावे.

नोंदींत यंत्रावरील सर्व वापरकर्त्यांच्या प्रक्रियांची नावे येतात, म्हणून सामायिक सर्व्हरवरील संचिका इतरांस देण्यापूर्वी ती नजरेखालून घालणे आवश्यक असते. कर्नलचे 'लॉकडाउन' गोपनीयतेच्या कडक पातळीवर असल्यास ट्रेसिंगच्या फाइली रूट वापरकर्त्यालाही उघडता येत नाहीत.

संबंधित साधने

सोलारिसवरील डीट्रेस, तसेच लिनक्सवरील सिस्टमटॅप, एलटीटीएनजी, पर्फ व बीपीएफट्रेस ही याच क्षेत्रातील साधने होत. नोंदी बाहेर न काढता कर्नलमध्येच त्यांची मोजदाद करायची असेल तर बीपीएफट्रेस अधिक सोयीचे पडते. चालता संगणक बंद न करता कर्नलमधील सदोष फंक्शनाऐवजी दुरुस्त फंक्शन चालवणारी 'लाइव्ह पॅचिंग' ही सोयही एफट्रेसने फंक्शनाच्या आरंभी राखलेल्या त्याच जागेचा वापर करते.