कॅमेऱ्यापासून सुटलेला उजेड

छायाचित्रणाच्या इतिहासात भिंगाला मान मिळाला, फिल्मलाही मिळाला, छायाचित्रकाराला तर मिळालाच; उजेड पाडणाऱ्या उपकरणाची विचारपूस मात्र कोणी फारशी केली नाही. वरातीत डोक्यावर पेट्रोमॅक्स घेऊन चालणाऱ्या माणसाची जी गत, तीच ह्या बिचाऱ्याची. आज मुठीत मावेल असा फ्लॅश आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसणारा छोटासा बिनतारी ट्रिगर, एवढ्या सामग्रीवर हौशी माणसालाही खोलीच्या कोणत्याही कोपऱ्यातून उजेड पाडता येतो. ह्या जोडीच्या नवेपणाचे कौतुक पुष्कळ होते. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. उजेड कॅमेऱ्यापासून दूर ठेवणे ही मुळीच नवी गोष्ट नव्हे. तो जवळ आणून बांधला गेला, हीच खरी मधल्या काळातील घटना होय.

१८५१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये टॅलबट ह्या गृहस्थाने ‘टाइम्स’ वृत्तपत्राचा एक कागद फिरत्या तबकडीवर चिकटविला आणि अंधारात लायडन बरण्यांतील विजेची एक ठिणगी पाडून त्याचे चित्र घेतले. तबकडी गरगरत होती, तरी अक्षरे वाचता येत होती. कल्पना उत्तम, परंतु रोजच्या छायाचित्रणात बराच काळ तिचा उपयोग करता आला नाही. त्या काळात काम भागविले ते मॅग्नेशियमने. ह्या धातूची तार पेटविली की डोळे दिपविणारा पांढरा उजेड पडतो. १८६४ साली मँचेस्टर येथे आल्फ्रेड ब्रदर्स ह्यांनी त्या उजेडात माणसाचे चित्र घेतले आणि पुढच्याच वर्षी पियाझी स्मिथ हा खगोलशास्त्रज्ञ तीच तार घेऊन इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटात शिरला. १८८७ साली जर्मनीत मीठे आणि गेडिके ह्या दोघांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनीचे संयुग मिसळून क्षणात भडकणारी फ्लॅशपावडर सिद्ध केली. ही एका प्रकारे दारूच होती, आणि दारूसारखीच वागत असे.

ह्या दारूचा खरा इतिहास न्यूयॉर्कच्या चाळींत घडला. जेकब रीस हा डेन्मार्कहून आलेला पोलिस-वार्ताहर. एकेका अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीने निजणारी माणसे तो रोज पाहत होता आणि लिहीतही होता. पण सुखवस्तू वाचकाला ते पटत नव्हते. जर्मन पावडरीची बातमी वाचताच त्याने हे शस्त्र उचलले. आरंभी त्याच्या मंडळींनी पावडरीची काडतुसे पिस्तुलातून उडविली. मध्यरात्री अनोळखी माणसे पिस्तूल घेऊन खोलीत शिरलेली पाहून रहिवाशांची काय अवस्था झाली असेल, ते सांगावयास नकोच. पुढे रीसने पिस्तूल टाकून तळण्याचा तवा धरला. एकदा अंध भाडेकऱ्यांच्या खोलीत पावडर उडविताना भिंतीवरच्या कागदांनी पेट घेतला. खोलीतील त्या अंधांना त्याचा पत्ताही नव्हता. रीसने एकट्याने ती आग विझविली. दुसऱ्या एका वेळी भडका त्याच्याच तोंडावर आला आणि केवळ चष्म्यामुळे डोळे वाचले.

१८९० साली त्याचे पुस्तक निघाले. ते वाचून हळहळलेला थिओडोर रूझवेल्ट पुढे शहराचा पोलिस आयुक्त झाला, तेव्हा रीसबरोबर रात्रीची गस्त घालीत असे. पोलिस ठाण्यांतील बेघरांसाठीचे कोंडवाडे १८९६ साली बंद झाले ते त्यातूनच. हे सर्व मान्य करूनही त्या चित्रांतील चेहऱ्यांपुढे आम्ही प्रत्येक वेळी अडखळतो. डोळे विस्फारलेले, झोप मोडलेली, काय घडले ते न समजलेली ती माणसे. त्यांच्या हिताकरिताच उजेड पाडला गेला; तो पाडण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले नाही.

१९२९ साली जर्मनीत फ्लॅशबल्ब बाजारात आला. काचेच्या गोळ्यात ॲल्युमिनियमचा वर्ख व प्राणवायू, आणि तो पेटवावयास बॅटरी. धूर गेला, आगीचे भय गेले, आणि उजेड कॅमेऱ्याच्या अंगाला चिकटला. स्पीड ग्राफिक नावाच्या थोराड कॅमेऱ्याच्या कडेला थाळीसारखा परावर्तक, ही वृत्तपत्रीय छायाचित्रकाराची ओळखखूण ठरली. आपल्याकडे होमाई व्यारावाला ह्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि १९४२ साली दिल्लीस आल्या. साडी नेसून, सायकलवर सामान लादून ही एकटी बाई सत्तांतराच्या काळातील राजधानीत पुरुष छायाचित्रकारांच्या घोळक्यात असाच कॅमेरा चालवीत होती. १९७० साली त्यांनी हा व्यवसाय सोडला. पद्मविभूषण मिळण्यास २०११ साल उजाडले. दिल्लीत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी त्यांची चित्रे मुद्दाम पाहावीत.

समोरून आदळणारा उजेड सोयीचा खरा, पण चेहरा सपाट करतो आणि मागे भिंतीवर काळी सावली डकवितो. त्याविरुद्ध ज्याने सर्वांत मोठे बंड केले तो अमेरिकेचा विन्स्टन लिंक. शिक्षणाने स्थापत्य-अभियंता असलेल्या ह्या माणसाने १९५५ पासून पाच वर्षे नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिने चित्रित केली, आणि तीही बहुतेक रात्री. सूर्य आपल्याला हलविता येत नाही, म्हणून आपला उजेड आपणच आणावा, हा त्याचा हिशेब. वेस्ट व्हर्जिनियातील आयेगर गावी २ ऑगस्ट १९५६ च्या रात्री त्याने उघड्या चित्रपटगृहाच्या आवारात चाळीसहून अधिक बल्ब मांडले. मोटारीत एक जोडपे, पडद्यावर विमान, मागून धूर सोडीत जाणारी मालगाडी. तारा एकसरीत जोडलेल्या. एक सांधा सैल राहिला की सर्व बल्ब मुके, आणि गाडी काही पुन्हा मागे येत नाही. बल्बच्या उजेडाने पडद्यावरचे विमान पुसले गेले, म्हणून ते त्याला नंतर वेगळ्या निगेटिव्हवरून आणावे लागले. रेल्वे खात्यातील वाचकांस ह्या खटाटोपाची किंमत अधिक कळेल. १९६० साली त्या मार्गावरची वाफ संपली; लिंकने ती वेळेवर गाठली होती.

टॅलबटच्या ठिणगीला दरम्यान वारस मिळाला होता. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत हॅरॉल्ड एजर्टनने १९३१ च्या सुमारास कपॅसिटरमध्ये साठविलेली वीज वायुभरल्या नळीतून एकदम सोडण्याची युक्ती पक्की केली. कॅमेऱ्यावर चढणाऱ्या आजच्या बहुतेक फ्लॅशचे पोट तेच आहे: सुमारे तीनशे व्होल्टवर भरलेला कपॅसिटर, झेनॉनची नळी आणि तिला जागे करणारा काही हजार व्होल्टचा झटका. पूर्ण ताकदीचा झोतही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो. १९७५ सालच्या व्हिव्हिटार २८३ ह्या लहानशा फ्लॅशने त्यात सुटे भाग आणले. उजेड मोजणारा त्याचा डोळा उपसून तारेने कॅमेऱ्यावर बसविता येई, म्हणजे दिवा कोठेही असला तरी मोजणी कॅमेऱ्याच्या जागेवरून होई.

तार मात्र राहिलीच होती. ती तोडण्याचा पहिला प्रयत्न प्रकाशाच्या डोळ्याने झाला: एक फ्लॅश चमकला की तो पाहून दुसरा चमके. लग्नमंडपात ह्या आज्ञाधारकपणाचा तमाशा होई. वधूच्या मामाने आपला कॅमेरा उडविला की आपला दिवा त्याच्या चाकरीस हजर! रेडिओलहरींनी ही बेइमानी संपविली. हल्लीचा ट्रिगर बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, आपली वाहिनी ठरवून घेतो, निरनिराळ्या दिव्यांची ताकद जागेवरून कमीजास्त करतो, आणि भिंतीआडचा दिवाही ऐकतो. पुढे लोहचुंबकाने चिकटणारी घुमटी, जाळी, रंगीत पापुद्रे. एक पथ्य सांगावयास हवे: जुन्या काही फ्लॅशच्या संपर्काशी शेकडो व्होल्ट असतात; असा फ्लॅश आजच्या नाजूक कॅमेऱ्यावर चढविल्यास कॅमेरा गमावण्याचा संभव.

हा इतिहास आम्ही हौसेने वाचला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयातील एका वयोवृद्ध अधीक्षकांचा निरोप समारंभ झाला आणि चित्रे घेण्याचे काम आमच्याकडे आले. कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवून आम्ही समोरून धडाधड पंचवीस चित्रे घेतली. वर्षभराने ते वारले. त्यांच्या पत्नींनी गावाहून निरोप पाठविला की, साहेबांचा एखादा मोठा फोटो करून पाठवावा. पंचवीसही चित्रांत त्यांच्या चष्म्याच्या काचांवर दोन पांढरे गोळे होते. ज्या दिशेने उजेड गेला त्याच दिशेने तो परत आला होता. डोळे एकाही चित्रात नाहीत. अखेर सेवापुस्तिकेच्या जातीचा एक जुना, ठसा उमटलेला फोटो शोधून पाठविला. त्यांनी आभार मानले. आम्हांला ते आभार घेववले नाहीत.

आता निरोप समारंभ असला की आम्ही फ्लॅश फायलींच्या कपाटावर ठेवतो आणि त्याचे तोंड चुन्याच्या छताकडे करतो. अंतर दुप्पट झाले की उजेड चतुर्थांश उरतो, हा जुना नियम तेथेही सुटत नाही. म्हणून ताकद वाढवावी लागते, आणि छत पिवळट असले तर सारे कार्यालय कावीळ झाल्यासारखे दिसते. निवृत्त होणाऱ्या गृहस्थांना आम्ही आधी सांगतो, कपाटाकडे पाहू नका, उजेड तिकडून येणार आहे. बहुतेक जण सवयीने तिकडेच पाहतात. मग दुसरे चित्र घ्यावे लागते, तिसरे घ्यावे लागते. चष्मा काढा असे मात्र आता कोणाला सांगावे लागत नाही.