आपल्याच गडावर स्वारी

अकोल्याहून वाशीमास जाणाऱ्या रस्त्यावर मेडशी हें गांव लागतें. तेथें एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही उतरलों असतां माडीवर एक चमत्कारिक प्रकार आमच्या पाहण्यांत आला. स्नेह्यांचे चिरंजीव दोन जुने संगणक एका तारेनें जोडून बसले होते. बाहेरच्या जगाशीं त्या दोहोंचा संबंध मुद्दाम तोडलेला होता, आणि एकावरून दुसऱ्यावर हल्ला चालला होता. "पाहा अण्णा, आमचे चिरंजीव घरांत बसून घरफोडी शिकताहेत !" स्नेही हंसून म्हणाले, परंतु त्या हंसण्यांत काळजी होती, कारण मुलास हाच व्यवसाय पत्करावयाचा होता. ही विद्या चोराची कीं साव माणसाची, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस इतिहासांत शोधावेंसें वाटलें.

रायगड बांधून पुरा झाल्यावर शिवछत्रपतींनीं लोकांस जमवून आव्हान दिलें कीं, दरवाजाची वाट सोडून, दोर अगर शिडी न लावतां जो कोणी गडावर चढेल, त्यास सोन्याचें कडें व मोहरांची थैली मिळेल, अशी परंपरागत कथा आहे. महार ज्ञातीचा एक धाडसी पुरुष पुढें झाला आणि कडा चढून जाऊन त्यानें वर निशाण रोविलें. त्यास बक्षीस मिळालें, आणि ती वाट बंद करण्यांत आली. या कथेंतील तीन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत : आज्ञा गडाच्या धन्याची होती, वाट काढणाऱ्यास शिक्षा न होतां मान मिळाला, आणि सांपडलेलें वैगुण्य तत्काळ दूर झालें. यांतील एक जरी उणी असती, तरी ती परीक्षा व्यर्थ अथवा घातक ठरती.

विलायतेंतही असेंच घडलें. लंडनमध्यें ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकींत १७९० सालापासून एक कुलूप ठेविलेलें होतें. किल्लीवांचून तें उघडणाऱ्यास २०० गिन्या देऊं केल्या होत्या. १८५१ सालीं हॉब्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून तें उघडलें. असें ज्ञान चव्हाट्यावर आणूं नये, अशी ओरड झाली. हॉब्सच्या पक्षाचें उत्तर असें कीं, चोरांस ही विद्या आधींच अवगत असते. अज्ञानांत असतो तो घरधनी.

हाच वाद १९९५ सालीं पुन्हा पेटला. फार्मर व वेनेमा या दोघांनीं संगणकांचीं छिद्रें हुडकणारें 'सेटन' नांवाचें साधन सर्वांस फुकट वांटलें, तेव्हां त्यांजवर टीकेची झोड उठली. त्याच परंपरेंत २००३ सालीं 'मेटास्प्लॉइट' व २०१३ सालीं 'काली लिनक्स' हीं साधनें निघालीं. मेडशीच्या माडीवर हींच होतीं, आणि समोरच्या संगणकांत जुनीं, जाणूनबुजून सदोष ठेविलेलीं कामें बसविलेलीं होतीं. त्यांतील एकाची हकीकत मौजेची आहे. फायलींची ने-आण करणाऱ्या एका प्रसिद्ध साधनाच्या प्रतींत २०११ सालीं कोणी तरी चोरदरवाजा ठेवून दिला : नांवापुढें हंसऱ्या चेहऱ्याचें चिन्ह लिहिलें कीं तो उघडे. चिरंजीवांनीं तो आमच्या देखत उघडला, वहींत टिपण केलें, सुधारलेली प्रत बसविली आणि पुन्हा प्रयत्न केला. दार उघडलें नाहीं. खरी विद्या या शेवटच्या दोन कृतींत आहे.

हें सारें हौसेपुरतेंच, असें कोणी समजूं नये. १९०६ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेंत चोरटे शिरले, आणि ११ ऑगस्ट २०१८ रोजीं बनावट कार्डांनीं २८ देशांतून पैसे निघाले. १३ तारखेस आणखी सुमारें १४ कोटी रुपये हाँगकाँगकडे गेले. एकूण ९४ कोटींवर रक्कम गेली. ज्या तटाची परीक्षा आपलीं माणसें करीत नाहींत, त्याची परीक्षा शत्रु करतो.

मर्यादा मात्र कडक आहे. धन्याच्या परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत शिरणारा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें भरपाईस पात्र होतो, आणि हेतु अप्रामाणिक असल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. म्हणून निरोप घेतांना आम्हीं स्नेह्यांस एवढेंच सांगितलें कीं, मुलाच्या हातचें हत्यार काढून घेऊं नका. तें कोणाच्या परवानगीनें चालतें, एवढें मात्र नित्य विचारीत जा. कडे चढणारे तरुण आपल्याकडे पुष्कळ निपजतील. त्यांस बक्षीस देऊन ती वाट लागलीच बंद करणारे धनी किती निघतात, यावर आपल्या ठेवींची खरी सुरक्षितता अवलंबून आहे.